फडताळापासून ट्रॉलीपर्यंत : उमरेडकडील स्वयंपाकघरातल्या खणाचा इतिहास

विदर्भातील स्वयंपाकघरात सरकता खण फार उशिरा आला. नागपूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या उमरेडमध्ये आणि शेजारच्या भिवापूर, कुही या तालुक्यांत आज नवे घर बांधताना ओट्याखाली ट्रॉल्या किती बसवायच्या, चॅनल कोणते घ्यायचे, याची चर्चा घरोघर होते. दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्नच नव्हता. लाकूड हाताशी होते, सुताराचा हात तयार होता, खण ही वस्तूही लोकांना ठाऊक होती. मात्र स्वयंपाक ज्या पद्धतीने होत होता, भांडी ज्या आकाराची होती आणि तिथली हवा वर्षभरात ज्या दोन टोकांना जात होती, त्यांत खणाला जागा नव्हती. खणाचा इतिहास म्हणूनच भांड्यांचा, हवेचा आणि लाकडाच्या किमतीचाही इतिहास ठरतो.

उमरेड हे जुने विणकरांचे गाव. रेशीमकाठी धोतरे आणि सुती कापड यांसाठी इथल्या कोष्टी आणि हलबा कोष्टी विणकरांची ख्याती होती. विणकराच्या घरात उत्तम जागा मागाला मिळे. जमिनीत खणलेल्या खड्ड्यात पाय सोडून विणायचा माग पुढच्या खोलीत असे आणि स्वयंपाक मागच्या बाजूला, बहुधा परसाला लागून होई. चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, जेवणही जमिनीवर. बसून काम करणाऱ्या बाईचा हात जिथे पोचेल तिथे वस्तू ठेवायची, हा त्या स्वयंपाकघराचा नियम होता. बसलेल्या माणसाला कमरेच्या उंचीचा खण ओढून आत वाकून पाहता येत नाही. त्याला उघडी फळी, कोनाडा किंवा शेजारी ठेवलेला डबा सोयीचा.

त्यामुळे साठवणीची सगळी व्यवस्था भिंतीत, छतात आणि जमिनीवर वाटलेली होती. मातीच्या जाड भिंतीत कोनाडे आणि देवळ्या असत. ऐपतदार घरात भिंतीतच दोन दारांचे फडताळ बसवलेले असे. दूध-दही मांजरापासून वाचवायला शिंके. धान्यासाठी बांबूची, शेणामातीने लिंपलेली ढोली किंवा कणगी. लोणची बरणीत, डाळी एकावर एक रचलेल्या मडक्यांच्या उतरंडीत. भिंतीवरच्या मांडणीत ताटे उभी लावलेली आणि तिच्या खुंट्यांना पळ्या-झारे टांगलेले. पाण्याचे गुंड आणि मोठे गंज यांना तर जमीनच हवी. उमरेडपासून फार दूर नसलेले भंडारा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध होते आणि या भागातली घरे त्या पितळेने भरलेली असत. पितळेची गोल, पोटाची, जड भांडी सपाट तळाच्या चौकोनी खणात ठेवली तर निम्मी जागा वाया जाते. शिवाय पितळ झळकवून दाखवायचे असते. मांडणीवर चकाकणारी भांडी ही घराची प्रतिष्ठा होती आणि ती बंद खणात लपवणे कोणत्याही गृहिणीला रुचले नसते.

खण होता, पण तो छोट्या आणि मौल्यवान वस्तूंचा होता. बायकांच्या फणेरपेटीत आरशाखाली कुंकू, मेण, फणी यांचे लहान खण असत. सोनाराच्या पेटीत वजनांचे आणि तुकड्यांचे कप्पे असत, दुकानदाराच्या गल्ल्याला पैशांचा खण असे. इंग्रजी अमलात कचेऱ्यांची मेजे आली आणि कागद, मोहर, टाक ठेवायचे मोठे खण लोकांच्या पाहण्यात आले. कुलूप लावता येणे हा या सगळ्या खणांचा मुख्य गुण होता. दिवसातून वीस वेळा, ओल्या हाताने, घाईत उघडायचा खण ही कल्पना त्यात नव्हती. ती स्वयंपाकघराची गरज आहे आणि तिच्यासाठी निराळी यंत्रणा लागते.

उमरेडकडच्या सुताराचे, म्हणजे तिथल्या बोलीत वाढयाचे, मुख्य काम शेतीचे होते. नांगर, वखर, तिफण, बंडीची चाके, घराचे खांब आणि दारे यांवर त्याचे पोट चाले आणि मोबदला बलुत्याच्या धान्यात मिळे. विणकरांच्या गावात त्याला मागाचे कामही होते. लाकडाची वाण नव्हती. या पट्ट्याच्या दक्षिणेला चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूर-गडचिरोलीचे, सागवानी जंगल आहे. बल्लारपूर आणि आलापल्लीचा साग देशभर नावाजला जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठीही इथूनच साग गेला. नागपुरात तर लाकडाच्या बाजारावरून एका वस्तीचे नावच लकडगंज पडले. १९०८ साली नागपूर-नागभीड ही नॅरोगेज रेल्वे उमरेडवरून धावू लागली आणि जंगलाचा मुलूख व नागपूरची बाजारपेठ यांच्यामध्ये उमरेड आले. म्हणजे चांगले सागवान आणि ते घडवणारे हात या दोन्ही गोष्टी असताना इथल्या स्वयंपाकघराने लाकडी खण घेतला नाही. त्याचा खुलासा हवेत सापडतो.

नागपूर-उमरेड भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश नोंदले गेले होते. अशा दुपारी हवेतील आर्द्रता २० टक्क्यांच्या आसपास उतरते. मग मृगाचा पाऊस येतो, वर्षाच्या सुमारे ११०० मिलीमीटरपैकी बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि ऑगस्टमध्ये आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. लाकूड हवेतला ओलावा शोषते आणि सोडते. ते लांबीच्या दिशेने जवळपास हलत नाही, पण रुंदीच्या दिशेने फुगते व आकसते. खणाची बाजूची फळी आडवी असते, म्हणून तिची रुंदी म्हणजे खणाची उंची. सहा इंची सागवानी फळी उन्हाळ्याच्या कोरड्यापासून भर पावसाळ्यापर्यंत दोन-तीन मिलीमीटर वाढू शकते. आंब्यासारख्या हलक्या लाकडाची वाढ याहून जास्त. सुताराने मे महिन्यात खण चोख बसवून दिला तर आषाढात तो अडकणार. श्रावणात बसवला तर पुढच्या चैत्रात खुळखुळणार आणि ओढताना तिरपा होऊन रुतणार.

जुन्या लाकडी खणाची बांधणी अशी असे. दोन्ही बाजूंना आत लाकडी पट्ट्या ठोकलेल्या, खणाच्या बाजू त्यांच्यावर घसरणार. पुढची फळी आणि बाजू यांचा सांधा पाकळीसारख्या दातांचा, म्हणजे डोव्हटेलचा, कारण ओढण्याचा सगळा जोर त्याच सांध्यावर येतो. पटाशीने हे दात कोरायला वेळ लागे. घाईच्या कामात नुसते खिळे मारले जात आणि वर्षभरात पुढची फळी हातात येई. खण रुतू लागला की पट्ट्यांवर मेणबत्ती किंवा साबणाची वडी घासणे हा घरगुती उपाय. तोही टिकत नसे, कारण लाकूड लाकडावर घासून दोन्ही झिजतात. मेजाच्या खणाला हे सारे चालून जाते; तो हलका असतो आणि आठवड्यातून चारदा उघडतो. तांदळाच्या डब्यांनी भरलेल्या खणाला चालत नाही. तेव्हाच्या साहित्यात हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता आणि फडताळ-मांडणी निवडणाऱ्यांनी योग्य तेच निवडले होते, असे म्हणायला हवे.

बदलाची सुरुवात चुलीपासून झाली. भारतात स्वयंपाकाचा गॅस १९५५ साली मुंबईत आला. इंडेनचा पहिला ग्राहक १९६५ साली कोलकात्यात नोंदला गेला आणि पुढच्या दशकांत सिलिंडर तालुक्याच्या गावांपर्यंत पोचले. शेगडी जमिनीवर ठेवता येते, पण सिलिंडर तिच्यापेक्षा खाली उभा असलेला बरा, म्हणून उभा ओटा आला. उमरेडला १९६०च्या दशकात कोळशाची उघडी खाण सुरू झाली. १९७५ पासून ती वेस्टर्न कोलफील्ड्सकडे आहे. पगारी नोकरदारांची वसाहत आली आणि सिमेंटची घरे, उभा ओटा, नळाचे मोरीपात्र हे सगळे गावाच्या नजरेत आले. याच सुमारास पितळेची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली. डबे उभ्या बाजूंचे, ताटे एकसारखी, वाट्या एकात एक बसणाऱ्या. पहिल्यांदाच स्वयंपाकघरातल्या वस्तू खणात नीट मावतील अशा आकाराच्या झाल्या.

तरीही ओट्याखाली लगेच खण आले नाहीत, कडप्पा आला. आंध्रातून येणाऱ्या या काळ्या दगडाच्या उभ्या लाद्यांवर ओटा तोलायचा आणि मधल्या खान्यांत त्याच दगडाच्या आडव्या फळ्या टाकायच्या, ही पद्धत महाराष्ट्रभर रुजली. उमरेडसारख्या ठिकाणी ती फार शहाणपणाची होती. कडप्प्याला पाणी बाधत नाही, उधई लागत नाही आणि पावसाळ्यात तो फुगत नाही. त्याचा दोष एकच, पण मोठा. दोन फूट खोल खान्याच्या मागच्या अर्ध्या भागातली वस्तू काढायला गुडघ्यावर बसून पुढची सगळी भांडी बाहेर काढावी लागतात. बसून स्वयंपाक करणारी बाई उभी राहिली खरी, पण भांड्यांसाठी तिला पुन्हा खाली बसावे लागू लागले. सरकत्या खणाची खरी गरज या क्षणी निर्माण झाली.

या गरजेवरचे यंत्र तोवर युरोपात तयार झाले होते. १९२६ साली मार्गारेट श्युटे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी फ्रँकफर्टच्या कामगार वसाहतींसाठी सुमारे साडेसहा चौरस मीटरचे स्वयंपाकघर आखले आणि तशी जवळपास १० हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. त्यात साखर-तांदळासाठी तोटी असलेले अ‍ॅल्युमिनियमचे लहान खण एका रांगेत बसवलेले होते. पीठ मात्र ओकच्या लाकडी खणात, कारण ओकमधल्या टॅनिनमुळे किडे दूर राहतात. कोणत्या वस्तूला कोणता खण, हा विचार इतक्या बारकाईने आधी क्वचितच झाला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणी वाढली तशी लोखंडी सरकपट्ट्या बनवणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. ऑस्ट्रियात युलियस ब्लूम यांनी १९५२ साली घोड्याच्या नालेचे खिळे बनवण्यापासून सुरुवात केली आणि पुढे त्यांचा कारखाना बिजागऱ्या व खणांच्या पट्ट्यांसाठी जगभर ओळखला जाऊ लागला. जर्मन कारखान्यांनी कपाटाच्या बाजूंना ३२ मिलीमीटर अंतरावर भोके पाडण्याचे माप रूढ केले, त्यामुळे एकाची पट्टी दुसऱ्याच्या कपाटात बसू लागली.

महाराष्ट्रात मात्र युरोपचे कपाट जसेच्या तसे आले नाही. आधी ट्रॉली आली. स्टीलच्या सळ्यांची, वरून उघडी जाळीदार टोपली, दोन्ही बाजूंना चॅनल, आणि हे सगळे असलेल्या कडप्प्याच्या खान्यात. १९९१ नंतर बाजार खुला झाला, मुंबईत १९९३ साली स्लीकसारख्या किचन कंपन्या सुरू झाल्या, फर्निचरच्या लोखंडी सामानात १९६३ पासून असलेली एब्को होतीच, आणि २००० नंतर हेटिक व हॅफेले या जर्मन कंपन्यांनी भारतात आपले व्यवसाय थाटले. पण तालुक्याच्या गावात ही नावे नंतर पोचली. स्टील कापून वेल्डिंग करणारा कारागीर आणि नागपूरहून चॅनल आणून ती बसवणारा सुतार यांनी तिथे ट्रॉली आधी पोचवली. ताटांची ट्रॉली, कप-बशीची ट्रॉली, चमच्यांची उथळ ट्रॉली, तेलाच्या बाटल्यांची अरुंद उभी ट्रॉली, अशी तिची घराणीच तयार झाली.

ट्रॉलीची रचना इथल्या हवेला आणि सवयींना धरून होती. धुतलेले ताट ओलेच ठेवले तरी पाणी खाली गळून जाते. हवा खेळते, झुरळांना अंधारा कोपरा मिळत नाही. मांडणीची उभी ताटे पुन्हा उभीच राहतात, फक्त ओट्याखाली जातात. लाकडी तळाच्या खणाला यातले काहीच जमत नाही. म्हणूनच आयात केलेल्या सुंदर लाकडी खणांपेक्षा जाळीची ट्रॉली मराठी घरांनी उचलली, आणि तो निर्णय विचारपूर्वक होता. तिचा दर्जा मात्र सळईवर ठरतो. ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. स्वस्त २०२ जातीत निकेल बरेच कमी करून त्याऐवजी मँगनीज घातलेले असते. मीठ, चिंच आणि ओल यांच्या सहवासात दुसऱ्या जातीच्या वेल्डिंगच्या टोकांवर तांबूस ठिपके लवकर दिसतात.

दरम्यान लाकूडही बदलले. शेतातला साग तोडायलाही १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याप्रमाणे परवानगी लागे. १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशाने वनक्षेत्रातील विनापरवाना आरागिरण्या बंद झाल्या आणि पुढील आदेशांनी नव्या आरागिरण्या काढणे फार अवघड झाले. जंगलाच्या शेजारी राहणाऱ्या उमरेडच्या माणसालाही साग महाग झाला. त्याच्या जागी आलेल्या प्लायवूडचा एक गुण खणाला उपकारक ठरला. प्लायवूडचे थर एकमेकांना काटकोनात चिकटवलेले असतात. एका थराची रुंदी फुगू पाहते तेव्हा शेजारच्या थराची लांबी तिला धरून ठेवते. म्हणजे जी हालचाल जुन्या लाकडी खणाला मारक होती ती प्लायवूडमध्ये जवळपास थांबते. पाण्याचा प्रश्न उरतो आणि त्याचे उत्तर डिंकात आहे. भारतीय मानक ३०३ खाली साधा ओलावारोधक आणि उकळत्या पाण्यात टिकणारा असे दोन प्रकार येतात. मानक ७१० चे सागरी प्लायवूड याहून कसोटीचे, त्याचा तुकडा ७२ तास उकळून पाहतात. पार्टिकल बोर्ड हे भुशाचे आणि डिंकाचे. ओट्याच्या भांडे धुण्याच्या बाजूला ते एक-दोन पावसाळ्यांत फुगते आणि एकदा स्क्रू निसटला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही.

चॅनलचा इतिहास म्हणजे घर्षण कमी करत जाण्याचा इतिहास. पहिले आले ते रोलर चॅनल. रंग दिलेली पत्र्याची पट्टी, तिच्या टोकाला नायलॉनचे छोटे चाक. किंमत कमी, धुळीची फारशी पर्वा नाही, पण खण तीन-चतुर्थांशच बाहेर येतो आणि सुमारे २५ किलोच्या पुढे चाक दबते. त्यानंतर टेलिस्कोपिक चॅनल आले. एकात एक सरकणाऱ्या तीन पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये पोलादी छर्रे, त्यामुळे खण पूर्ण बाहेर येतो आणि मागच्या कोपऱ्यातली वाटीही दिसते. रूढ चॅनल ४५ मिलीमीटर उंच असते आणि दर बाजूला १२.७ मिलीमीटर, म्हणजे अर्धा इंच, जागा घेते. म्हणून खोका खान्याच्या आतल्या मापापेक्षा एक इंचाने अरुंद लागतो. सुताराच्या बहुतेक चुका इथेच होतात. जागा कमी सोडली तर छर्रे दाबले जाऊन चॅनल जड चालते. जास्त सोडली तर पट्टी वाकते आणि छर्रे बाहेर पडतात. कडप्प्याच्या लाद्या नेमक्या समांतर नसतात, म्हणून जाणता सुतार आधी लाकडी चौकट बसवून ती गुण्यात आणतो आणि मग चॅनल लावतो.

तिसरी पायरी तळाखाली लपणाऱ्या अंडरमाउंट चॅनलची आणि पत्र्याच्या बाजू असलेल्या तयार खोक्याची. बाजारात या तयार खोक्याला सरसकट टँडम म्हणतात. बंद होताना खण शेवटच्या दोन इंचांत आपोआप मंदावतो, कारण आत तेलाचा दट्ट्या असतो. बाजूला काही दिसत नाही, उंचीही मिलीमीटरमध्ये जुळवता येते. पण हे चॅनल मापाची मुभा फारशी देत नाही. सोळा मिलीमीटर जाड बाजूंच्या खोक्याची आतली रुंदी बहुतेक बनावटींत खान्यापेक्षा ४२ मिलीमीटर कमी लागते आणि मागच्या फळीला ठरावीक जागी खाच लागते. असे काम मशीनवर कापलेल्या कपाटात शोभते, जागेवर हाताने कापलेल्या कामात ते वारंवार बिघडते.

वजनाचा हिशेब तीनही प्रकारांत सारखाच लावावा लागतो. डब्यावर छापलेला ३५ किंवा ४५ किलोचा आकडा जोडीचा असतो आणि तो बहुधा १८ इंची लांबीसाठी दिलेला असतो. चॅनल लांबले की तोच भार अधिक लांब दांड्यावर लटकतो आणि क्षमता घटते. खोक्याचे स्वतःचे वजनही त्यातच मोजायचे. विदर्भातल्या घरात वर्षाची तूरडाळ आणि तिखट एकदम भरून ठेवायची चाल अजून आहे. भिवापूरची मिरची उन्हाळ्यात घरी येते ती मोठ्या डब्यांतच. असा डब्यांचा खण सहज ३० किलोंवर जातो. भरलेला घरगुती सिलिंडर २९-३० किलोंचा असतो. तो चॅनलवर टांगण्यापेक्षा खाली चाके असलेल्या पाटावर ठेवणे सुरक्षित, आणि गॅस हवेपेक्षा जड असल्याने त्या खान्याच्या दाराला तळाशी झरोके हवेत.

उमरेडच्या घरासाठी निवड करायची तर नियम सरळ आहेत. ओल्या भांड्यांना ३०४ स्टीलची जाळीची ट्रॉली, कोरड्या डब्यांना उकळत्या पाण्यात टिकणाऱ्या प्लायवूडचा खोका, आणि त्याचा तळ किमान ९ मिलीमीटरचा, बाजूंच्या खाचेत बसवलेला. खालून नुसता ठोकलेला तळ डाळीच्या भाराने निसटतो. दोन्हींना ४५ किलोचे पूर्ण उघडणारे टेलिस्कोपिक चॅनल पुरते. त्याची जोडी बिघडली तर तालुक्यात बदलून मिळते आणि कोणताही सुतार ती तासाभरात बसवतो. अंडरमाउंट घ्यायचे असेल तर चॅनल आधी विकत घ्यावे, त्याच्या डब्यातला मापांचा कागद सुताराच्या हाती द्यावा आणि खोका त्यानंतरच कापायला सांगावा.